छप्पर जाण्यापूर्वी

आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना आहे. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने जुनी कागदपत्रे बारकाईने वाचण्याची मला सवय जडली आहे आणि हा रकाना मी इतरांपेक्षा जरा अधिक वेळ वाचतो. त्यात बहुधा एखाददुसराच शब्द असतो : 'स्थलांतर', 'घरगुती अडचण', 'पालकांच्या विनंतीवरून'. कार्यालयीन नोंदीसाठी तेवढे पुरेसे असते. परंतु झिजलेल्या शिलालेखातील एखाद्या अक्षरामागे जसे संपूर्ण वाक्य असते, तशी या शब्दांमागे एकेका कुटुंबाची हकीकत असते. ही हकीकत पुष्कळदा एका भाड्याच्या खोलीपाशी येऊन थांबते.

शाळेच्या स्मरणिकेत गौरवाचे लेखन असावे, ही अपेक्षा रास्त आहे. याच वर्गखोल्यांतून कोणी अभियंता झाले, कोणी परिचारिका, कोणी वकील, कोणी पोलीस खात्यात गेले. त्यांचा अभिमान मलाही आहे. पण ज्यांची नावे अर्ध्यावरच त्या रकान्यात गेली, त्यांच्याविषयीही याच पानांत काही लिहिले जावे असे मला मनापासून वाटते. बुद्धी किंवा इच्छा कमी पडली म्हणून त्यांची शाळा सुटली, असे फार थोड्यांविषयी म्हणता येईल. अनेकांच्या घरी दोन-तीन महिन्यांचे घरभाडे कमी पडले होते.

'बेघर' म्हटले की पुलाखाली किंवा रस्त्याच्या कडेला झोपलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७.७ लाख बेघर माणसे मोजली. त्यासाठी फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्री गणक रस्त्यांवर, रेल्वे फलाटांवर, पुलांखाली फिरले. त्या रात्री जो उघड्यावर सापडला तो बेघर ठरला. मात्र जो माणूस त्याच रात्री तीन महिन्यांचे भाडे थकवून पत्र्याच्या खोलीत जागा होता, किंवा मेहुण्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत बायकामुलांसह अंग चोरून पडला होता, तो या गणतीत आला नाही. सरकारी निवारा केंद्रेही माणूस उघड्यावर आल्यानंतरची आहेत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा केंद्र असावे, असा निकष घातला. अशी केंद्रे हवीतच. परंतु त्या दाराशी पोहोचेपर्यंत कुटुंबातले जे मोडायचे ते मोडून झालेले असते. मुले मामाकडे, आजीकडे पांगलेली असतात आणि शाळेचे दप्तर कुठल्या तरी गाठोड्यात गेलेले असते.

आमच्या पट्ट्यात घर कसे जाते, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. अतिक्रमणविरोधी कारवाईत पडणाऱ्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. मी येथे भाड्याच्या खोलीविषयी बोलत आहे. भोसरी, मोशी, चिखली, तळवडे आणि पुढे खेड तालुक्यातील कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, मेदनकरवाडी या गावांत कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या ओळी आहेत. विटांच्या भिंती, वर पत्रा, चार-सहा बिऱ्हाडांत एक संडास, ठरावीक वेळी येणारे पाणी. राहणारा माणूस मराठवाड्याचा, विदर्भाचा, अलीकडे उत्तर प्रदेश-बिहारचाही. काम मोठ्या कंपनीच्या आवारात, परंतु नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर. सहा-सात महिने काम झाले की 'ब्रेक' मिळतो. हा शब्द या पट्ट्यातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. 'पप्पांना ब्रेक दिला' असे सातवीतले मूल सांगते, तेव्हा त्याला पुढचे दोन महिने कसे जाणार याची बऱ्यापैकी कल्पना असते.

समजा, अशा एका कुटुंबाची मिळकत महिना १४,००० रुपये आहे, खोलीचे भाडे ४,५०० आणि डिपॉझिट १५,००० आहे. ब्रेक मिळाला, किंवा प्रेस मशीनखाली बोटे सापडली, किंवा बायकोचे बाळंतपण अवघड झाले. पहिल्या महिन्यात किराणा दुकानदाराकडील खाते वाढते. दुसऱ्या महिन्यात बचत गटाचा किंवा फायनान्सवाल्याचा हप्ता चुकतो आणि तो भरण्यासाठी दुसरीकडून उचल होते. घरात किडूकमिडूक असेल तर ते गहाण पडते. भाडे थकले की घरमालक काही दिवस थांबतो आणि मग म्हणतो, 'डिपॉझिटमधून वळते करतो.' हे वाक्य ऐकायला सौम्य आहे आणि भाडेकरूलाही त्या क्षणी हायसे वाटते. परंतु माझ्या मते घर जाण्यास तेथूनच सुरुवात होते. तीन महिन्यांत डिपॉझिट संपते. मग खोली सोडावी लागते आणि दुसरी खोली घ्यायला डिपॉझिट उरलेले नसते.

हिशोब मांडून पाहावा. डिपॉझिटला हात लागण्यापूर्वी दोन महिन्यांचे भाडे कोणी भरले असते तर ९,००० रुपये लागले असते. खोली गेल्यानंतर तेच कुटुंब पुन्हा उभे करायचे तर नवे डिपॉझिट १५,०००, पहिल्या महिन्याचे भाडे ४,५००, एजंटला एक महिन्याचे भाडे आणि सामान हलवायला टेम्पो. म्हणजे २५,००० च्या आसपास. शिवाय मधल्या काळात सुटलेली शाळा, गेलेला रोजगार आणि पांगलेली मुले यांची किंमत या बेरजेत धरलेलीच नाही. वेळेवर दिलेली लहान रक्कम उशिरा दिलेल्या मोठ्या रकमेहून अधिक काम करते, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. बाकी सर्व त्याचे पुरावे आहेत.

आपल्या समाजाच्या बाबतीत या हिशोबात आणखी एक रकाना येतो. खोली पाहायला गेले की नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव, आणि तरी उलगडा झाला नाही तर सरळ 'कोण समाज?' भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लागणार हे कळल्यावर 'खोली कालच दिली' असे उत्तर ऐकलेली माणसे या स्मरणिकेच्या वाचकांतही असतील. सर्वच घरमालक असे नाहीत. शेती एमआयडीसीत गेल्यावर खोल्यांच्या भाड्यावरच चूल पेटणारी साधी माणसेही त्यांत आहेत आणि पंधरा दिवस थांबा म्हटले तर थांबणारीही आहेत. तरीही बौद्ध कुटुंबाला दुसरी खोली मिळायला अधिक दिवस लागतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. म्हणून हातात असलेली खोली टिकवणे हे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे ठरते.

ज्यांनी आपल्याला माणूसपण दिले त्यांनाही हा अनुभव चुकला नाही. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा, असे त्यांना बजावण्यात आले. दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. तो दिवस त्यांनी कामाठी बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. वर्गात हा प्रसंग शिकवताना मी मुलांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधतो : नोकरी होती, पदवी होती, पगार होता, फक्त छप्पर गेले आणि त्यापाठोपाठ बडोद्याची नोकरीही सुटली. छप्पर हे बाकी सगळ्याच्या आधी लागते.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे आले. त्याच काळात प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आमच्या पट्ट्यात ज्याला सगळे 'ईएसआय' म्हणतात, ती योजना ही. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तिच्यात येतो. अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत ९० टक्के. २०१८ मध्ये नोकरी गेलेल्या विमाधारकासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली आणि २०२० मध्ये तिच्यातील भत्ता वाढवून ९० दिवसांसाठी सरासरी वेतनाच्या निम्मा करण्यात आला. खोली जाऊ नये म्हणून मिळणारी ही मदतच आहे, फक्त तिचे नाव वेगळे आहे. दुर्दैव असे की, जखमी झालेल्या कामगाराला आपला विमा क्रमांकच ठाऊक नसतो. अपघातानंतर घाईघाईने कार्ड काढण्याचे प्रकारही होतात. अर्ज करायचा तो वेळेत होत नाही आणि हक्काची रक्कम मंजूर होईपर्यंत डिपॉझिट संपून जाते. हक्क कागदावर आहे. तो हातात पडेपर्यंतचे सहा-आठ आठवडे कोणी तरी सांभाळायला हवेत.

या पट्ट्याचा इतिहास लिहायचा झाला तर तो अशा सांभाळण्याचाही इतिहास होईल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धम्मदीक्षेच्या सोहळ्याला तेव्हा जवळपास दोन वर्षे अवकाश होता. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी-पिंपरीच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील माणसे इकडे लोटली. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत घरे जळालेल्यांपैकीही काही इकडे आली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. गाव सोडून आलेल्या या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन आधी एक विहार उभा केला, तोही पत्र्याचाच. पुढे त्यांच्या पोरांची शाळा, अभ्यासिका, भिशी, वधूवर सूचना, मयताची वर्गणी हे सर्व त्या पत्र्याखाली चालले.

माझे वडील १९७३ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून आले आणि भोसरीतील एका छोट्या कारखान्यात लागले. मी आठवीत असताना एका सकाळी त्या कारखान्याला टाळे लागले. दोन महिने काम नव्हते. आई धुणीभांडी करू लागली. तरी खोलीचे भाडे थकले. वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर भिशी निघत असे. आमचा नंबर बराच मागे होता. त्या रविवारी एका ज्येष्ठ उपासकांनी चिठ्ठ्यांचा डबा उघडलाच नाही. 'या महिन्याची भिशी यांना द्या, माझ्यानंतरचा नंबर मी यांच्याशी बदलतो आहे,' असे म्हणून त्यांनी पैसे वडिलांच्या हातावर ठेवले. कोणी भाषण केले नाही, कोणी कारण विचारले नाही. वडिलांना ते दान वाटले नाही, कारण ते पैसे पुढेमागे त्यांचेच होते. फक्त ते गरजेच्या दिवशी मिळाले. आमची खोली टिकली. मी आठवी त्याच शाळेत पूर्ण केली, पुढे एम. ए. केले आणि आज शिक्षक म्हणून हे लिहितो आहे.

त्याच टाळेबंदीत माझ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाच्या वडिलांचेही काम गेले. ते नुकतेच आले होते आणि भिशीत नव्हते. दिवाळीनंतर तो मुलगा वर्गात दिसला नाही. हजेरीच्या वेळी गुरुजी आठवडाभर त्याचे नाव घेत राहिले आणि मग घ्यायचे थांबले. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते आणि गणितही. आमच्या दोघांमध्ये फरक एका भिशीच्या नंबरचा होता.

अशी वेळेवरची मदत ही आपल्या परंपरेला नवी नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात भगवान बुद्ध महाविजित राजाची कथा सांगतात. राज्यात लूटमार माजली असता राजा मोठा यज्ञ करू पाहतो, तेव्हा पुरोहित त्याला सांगतो की, शिक्षा करून किंवा कर लावून हे मिटणार नाही. शेती करणाऱ्याला बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला अन्न व वेतन द्या. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात याची दुसरी बाजू येते. तेथील राजा राज्याचे रक्षण करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. पुढे एक दरिद्री माणूस चोरी करून पकडला जातो, तेव्हा राजा त्याला धन देतो. ते ऐकून इतरही चोरी करू लागतात आणि मग राजा शिक्षेकडे वळतो. पतनानंतर मिळणारी मदत आणि पतनापूर्वी मिळणारी मदत यांतील फरक इतक्या स्पष्टपणे मांडणारी जुनी कथा मला दुसरी ठाऊक नाही.

आधुनिक काळात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेल्या संस्थेच्या नावातच 'प्रतिबंधक' हा शब्द होता : बालहत्या प्रतिबंधक गृह. फसवल्या गेलेल्या विधवेला गुन्हेगार ठरवण्यापूर्वीच तिच्या डोक्यावर छप्पर द्यावे, हा त्यामागील विचार होता. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हाही शाळा सुटण्यापूर्वीच मुलाला आसरा मिळावा हाच हेतू होता. आपले वसतिगृह त्याच वाटेवर उभे आहे. राज्य शासनाच्या स्वाधार योजनेनेही हे तत्त्व मान्य केले आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला राहण्या-जेवणासाठी रोख मदत दिली जाते. विद्यार्थ्याला लागू पडणारे हे तत्त्व त्याच्या आईवडिलांच्या खोलीलाही लागू पडावे.

बाहेरच्या जगातही हा विचार आता कायद्यात उतरला आहे. वेल्सने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१७ मध्ये असे कायदे केले की, पुढील ५६ दिवसांत घर जाण्याचा धोका असलेल्या माणसाला मदत करणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरते. घर गेल्याचा पुरावा घेऊन येण्याची वाट पाहायची नाही. अमेरिकेत शिकागो शहरात भाडे थकलेल्यांसाठी दूरध्वनी मदतसेवा आहे. तिच्याकडे निधी कधी शिल्लक असे, कधी नसे. ज्यांनी निधी असताना दूरध्वनी केला आणि ज्यांनी निधी संपलेला असताना केला, अशा सारख्याच परिस्थितीतील कुटुंबांची संशोधकांनी तुलना केली. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा होता की, निधी असताना दूरध्वनी केलेल्यांचे पुढील सहा महिन्यांत निवारा केंद्रात जाण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी होते. मदत एकदाच मिळणारी होती, तीही मर्यादित. आमच्या वस्तीतल्या ज्येष्ठ उपासकांनी हे संशोधन वाचलेले नव्हते, परंतु त्यांना ते कळत होते.

मदत उशिरा येते तेव्हा काय होते, हे आपण २०२० मध्ये पाहिले. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. २९ मार्चला केंद्राने स्थलांतरित मजुरांकडून महिनाभर भाडे मागू नये असा आदेश काढला आणि एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी अशी सूचना केली. भाडे माफ झाले नाही, ते फक्त थकत गेले. आणि ते कोणी भरायचे याची सोय कुठेच नव्हती. चाकण-भोसरीच्या खोल्यांना कुलपे लागत गेली आणि माणसे पाठीवर संसार घेऊन नाशिक रस्त्याने चालू लागली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून आपल्या गावाकडे निघालेले होते.

यावर काही मित्र आक्षेप घेतात. अशी मदत दिली की माणसाला सवय लागते, असे ते म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. भाडे थकलेला माणूस शेवटपर्यंत लपवतो, आधी नातेवाइकांपासून आणि मग शाळेपासून. त्याला बोलते करणेच अवघड असते. दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक घेतलेला आहे : भाडे थकलेला प्रत्येक जण बेघर होत नाही, बरेच जण कसेबसे सावरतात, मग नेमके कोणाला द्यायचे? मोठ्या यंत्रणेला हे ओळखणे कठीण जाते, हे खरे. परंतु निवासी शाळेला ते कळू शकते. दर महिन्याच्या भेटीच्या रविवारी नियमित येणारी आई दोनदा आली नाही. वडिलांचा मोबाइल बंद लागतो. सत्राच्या मध्येच मोठ्या मुलीला 'घरी कामाला' नेण्याची भाषा सुरू होते. धाकट्या भावालाही वसतिगृहात घ्या अशी अवेळी विनवणी येते. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे, 'दिवाळीच्या सुट्टीत याला इथेच राहू द्या, सर.' सुट्टीत मूल घरी नको असे कोणत्याही आईला वाटत नाही. ते मूल जिथे जाणार ती खोली डळमळू लागली आहे, असा त्याचा अर्थ असतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधवांपुढे मी एक प्रस्ताव ठेवतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा उषवदाताचा एक शिलालेख आहे. त्याने भिक्खू संघाला लेणे दिले आणि सोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवि ठेवली. ती रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने गुंतवली. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यांतील २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक याप्रमाणे वर्षाला २४० कार्षापण येत आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ मिळत. देणारा गेला, राजवंश गेले. परंतु हिशोब मात्र दगडावर आजही चोख आहे. डोक्यावरचे छप्पर आणि ते टिकवण्याची तरतूद या दोन गोष्टी एकत्र द्याव्यात, हे त्या दात्याला उमगले होते.

आपणही तसाच निधी उभारू शकतो. ५०० माजी विद्यार्थ्यांनी एकदाच प्रत्येकी १,००० रुपये दिले तर पाच लाख होतात. सहा टक्के व्याज धरले तर वर्षाला ३०,००० रुपये, म्हणजे दोन महिन्यांच्या भाड्याप्रमाणे तीन कुटुंबे. आकडा लहान आहे, हे मी जाणतो. तरीही त्या रकान्यात जाणारी तीन कुटुंबांची मुले त्यामुळे वाचतील, आणि निधी पुढच्या वर्षी तेवढाच शिल्लक असेल. निर्णय दोन दिवसांत व्हावा. समिती तिघांची असावी आणि त्यात वस्तीतील एक महिला अवश्य असावी. पैसे शक्यतो थेट खोलीच्या भाड्यात जावेत आणि पावती घ्यावी. घेणाऱ्याचे छायाचित्र, नाव, सत्कार यांपैकी काहीही कोठेही येऊ नये. ज्याला जमेल त्याने पुढे निधीत भर घालावी, परंतु ती परतफेड मानू नये.

पैशाइतकीच कागदांची मदत लागेल. आपल्यात वकील आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते, हे त्यांनी पालकसभेत समजावून सांगावे. आपल्यात कंपन्यांच्या एचआर विभागात काम करणारे आहेत; विमा क्रमांक, पीएफचा यूएएन, अपघाताची नोंद या गोष्टी कशा तपासायच्या हे त्यांनी दाखवावे. बांधकामावर जाणाऱ्या पालकांनी वर्षातील ९० दिवसांच्या कामाचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. आपल्यात घरमालकही आहेत. एखाद्या भाडेकरूचे भाडे थकले तर डिपॉझिट वळते करण्यापूर्वी त्यांनी शाळेला एक फोन करावा, एवढी विनंती आहे.

हा निधी वेतनवाढ देणार नाही, ठेकेदारी संपवणार नाही, शासनाची किंवा कामगार संघटनेची जागाही घेणार नाही. त्या लढाया त्यांच्या ठिकाणी लढाव्याच लागतील. परंतु त्या लढणाऱ्या माणसाला रात्री परतायला खोली असेल, तर तो अधिक काळ टिकून लढेल.

माझ्या सहकारी शिक्षकांनाही एक सांगणे आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, सप्टेंबरच्या अखेरीस, प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन, चारचौघांत नव्हे, एक साधा प्रश्न विचारावा : 'सुट्टीत कुठे जाणार?' जे मूल उत्तर द्यायला वेळ लावेल, त्याच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.